रेघेच्या अलीकडे

भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातात पाना होता आणि पाना बोल्टवर अर्धाच फिरला होता. अर्धा! शिंक नाकात येऊन परत गेली की कसं वाटतं, अगदी तसं झालं मला.

"वारा! सगळे मागे फिरा!" मामा ओरडला.

वारा? कुठे होता वारा? कठड्याला मी बांधलेली लाल रिबीन नुसती मान डोलवत होती. सकाळपासूनचा हा तिसरा भोंगा. आणि समोरच्या कड्यावर पैलवान मुकादमाची टोळी मजेत काम करत होती, त्यांचा भोंगा वेगळा. एकाने तर आम्हाला लांबून केळं सोलून दाखवलं.

आता हे भांडण काय होतं ते सांगते. आमचा झुलता पूल जगातला सगळ्यात उंच होणार होता. दोन उभे कडे, मध्ये दरी, आणि दरीच्या तळाशी नदी. वरून बघितली तर कुणाच्या तरी परकराची नाडी पडल्यासारखी दिसायची. दोन्ही मनोऱ्यांवरून जाडजूड केबल टाकून झाल्या होत्या. आता त्यांना पोलादी तुकडे लटकवत, एकाला एक बोल्टने जोडत, दोन टोळ्या दोन बाजूंनी मध्याकडे येत होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनियर बाईंनी, पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की जी टोळी मध्यावर आधी पोहोचेल, पुलाचा शेवटचा बोल्ट तिचा.

आमच्या टोळीचा मुकादम माझा सख्खा मामा. सगळी टोळी त्याला मामाच म्हणते, त्यामुळे माझ्या वाट्याला मामा जरा कमीच येतो. लहानपणी कुठल्याही पुलावरून जाताना तो छाती पुढे काढून म्हणायचा, "हा माझा!" मलाही आयुष्यात एकदा तसं म्हणायचं होतं. आणि आमच्या टोळीत बोल्ट मारण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे शेवटचा बोल्ट माझाच होता... हा भोंगेवाला मध्ये कडमडला नसता तर!

तर मी तडक निघाले. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दोरीने बांधलेला पाना, आणि पायात वीज. कड्याच्या टोकावर वाऱ्याची खोली होती. दार ढकललं.

आत एक सडपातळ, शांत डोळ्यांचा मुलगा खिडकीकडे पाठ करून बसला होता. समोर भिंतीवर घड्याळासारखी तबकडी, त्यात काटा आणि एक लाल रेघ. टेबलावर चहाचे दोन कप, वाफाळते.

"बसा ना," तो म्हणाला. "चहा घ्या."

"चहा प्यायला नाही आले मी! वारा कुठे आहे, दाखवा आधी!"

त्याने तबकडीकडे बोट केलं.

"काटा रेघेच्या खाली आहे!"

"जवळ आहे..."

"जवळ म्हणजे? उद्या पोट दुखेल म्हणून कुणी आजपासून लंघन करतं का?"

तो हसला नाही. पण हसू आवरताना त्याच्या गालाला एक खळी पडली, ती मला दिसली. उगाच दिसली. "वाऱ्याचा काय भरवसा?" तो हळूच म्हणाला. "तुम्ही तिथे अगदी टोकाला उभ्या असता..."

"टोकालाच काम असतं माझं! आणि तुम्हाला काय दिसतंय? तुमची तर पाठ आहे पुलाकडे!"

त्याचे कान लालबुंद झाले. त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी रागारागाने प्यायले. साखर कमी आहे, हेही रागारागानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, मी भांडायला गेले, आणि चहात साखर बरोबर होती.

मग ते रोजचंच झालं. भोंगा वाजायचा, टोळी मामासकट शिव्या घालत सावलीत बसायची आणि मी तरातरा वाऱ्याच्या खोलीकडे. त्याला सगळे 'फुंकर' म्हणायचे. जरा कुठे फुंकर आली की हा काम बंद पाडतो, म्हणून. मला माझ्या तोंडामुळे 'ठिणगी' म्हणायचे. "ठिणगी निघाली फुंकरीकडे," मामाच्या टोळीतले वात्रट म्हणायचे, "पाण्याची बादली भरून ठेवा रे!"

"तुम्हाला दुसरं काही येतं का, भोंगा वाजवण्याशिवाय?" मी एकदा विचारलं.

"चहा येतो."

"तोही गोडमिट्ट."

"मग रोज दोन कप का पिता?"

"राग थंड करायला!"

"थंड झाला?"

"...नाही."

"तिसरा ठेवू?"

खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता. राग यायचाच, खरा यायचा. पण राग करायला निघताना मी हेल्मेट काढून भांग नीट करायचे, आणि परत हेल्मेट घालायचे. त्याला काय अर्थ होता, देव जाणे. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि ते शिवायला माझे हात शिवशिवायचे. बोल्ट मारणाऱ्या बाईला बटणं सुचायला लागली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

आणि तिकडे आईचे फोन. "पूल झाला की सरळ घरी यायचं हं. स्थळ आलंय. दातांचा डॉक्टर आहे, स्वतःचा दवाखाना आहे, पाय जमिनीवर असतात बिचाऱ्याचे!" आईला उंचीची भयंकर भीती. ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबासुद्धा काढत नाही. मी पुलावर काम करते हे तिने शेजाऱ्यांना सांगितलेलंच नव्हतं. 'रस्त्याच्या खात्यात आहे' एवढंच सांगायची.

एकदा तिने इतका तगादा लावला की मी दिवसाची रजा काढून शहरात त्या डॉक्टरला भेटून आले. माणूस सज्जन होता. पण बोलताना सारखा माझ्या तोंडात बघत होता. निघताना म्हणाला, "तुमच्या डावीकडच्या दाढेचं काहीतरी करायला हवं." याच्याशी लग्न केलं तर जन्मभर तोंड मिटून हसावं लागेल, असं मला बसमध्ये वाटत राहिलं.

संध्याकाळी उजेडीच परत आले तर मामा खुशीत. "आज काय काम झालं म्हणून सांगू! दिवसभरात भोंगाच नाही वाजला."

"वारा नव्हता?"

"नव्हता कसा? माझी टोपी उडून गेली." मामा माझ्याकडे बघत मिशीतल्या मिशीत हसला. "तू नव्हतीस ना. वारा रुसला असेल."

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी वाऱ्याच्या खोलीकडे गेले. तो काम संपवून गेला होता. मी त्याच्या खुर्चीत बसले, तो बसतो तशी, खिडकीकडे पाठ करून. समोर तबकडी. आणि तबकडीच्या वर, खिळ्याला अडकवलेला छोटा दाढीचा आरसा. मी मान वर केली. आरशात दरी नव्हती, कडे नव्हते, नदी नव्हती. फक्त पुलाचं टोक होतं. आणि कठड्याला बांधलेली लाल रिबीन.

मी जिथे उभी राहते, ती जागा.

छातीत धडधडायला लागलं. आधी गोड धडधडलं, मग लक्षात आलं की पैलवानाची टोळी आमच्या पुढे गेली आहे. माझा बोल्ट या आरशात बुडला होता! मग जे धडधडलं ते गोड नव्हतं.

आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळे फाटकापाशी उभे राहतात. आदल्या दिवशी काम कुणी थांबवलं असेल तर त्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं, हा मोठ्या बाईंचा नियम. त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. बाई "चला" म्हणणार, तेवढ्यात मी हात वर केला.

"बाई, मला उलटं विचारायचंय. काल काम का नाही थांबलं?"

सगळ्यांच्या माना फुंकरकडे वळल्या. तो म्हणाला, "काल काटा रेघेला टेकला नाही."

"आणि परवा टेकला होता?"

त्याला थाप मारता आली असती. तबकडी त्याची, काटा त्याचा, बघणारा तोच एकटा. पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"नाही," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांसाठी मी रेघेवर भोंगा वाजवतो. ही टोकाला उभी असली की... रेघेच्या अलीकडे."

कुणीतरी शिट्टी मारली. मामाला खोकला आला.

"अलीकडे म्हणजे किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दोन बोटं... कधीकधी तीन."

"तुमच्या तीन बोटांत माझा बोल्ट गेला!" मी ओरडले. "पैलवान एका तुकड्याने पुढे आहे! आणि... आणि चहा भोंग्याच्या आधीच तयार असायचा, नाही का?"

"ठेवायचो आधी," तो म्हणाला. "तुम्ही तापून यायचात. चहा गार नको म्हणून."

सगळी टोळी हसून लोळायची बाकी राहिली. माझे गाल पेटले होते, ते रागाने की कशाने, ते त्यांना कळू नये म्हणून मी हेल्मेट खाली ओढलं.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "वाऱ्यावर भित्रा माणूस हवाच," त्या म्हणाल्या. "पण एकीसाठी भिणारा नको, सगळ्यांसाठी भिणारा हवा. उद्यापासून खोलीत बसायचं नाही. हातातलं वारामापक घेऊन पुलाच्या टोकाला बसायचं, सगळ्यांमध्ये."

फुंकर पांढराफटक पडला. चुन्याचा डबा अंगावर सांडल्यासारखा. तेव्हा कुठे मला कळलं की तो खिडकीकडे पाठ करून का बसायचा.

"याला नेणार कोण तिथपर्यंत?" बाईंनी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा पट्टा आवळला, हुक तपासले आणि अबोला धरून पुढे चालायला लागले. मागे नुसता हुक सरकवल्याचा आवाज. कट्... कट्... मग तोही बंद. वळून बघितलं. हा कठड्याला मिठी मारून डोळे मिटून उभा.

माझा अबोला तिथेच संपला. "डोळे उघड," मी म्हणाले. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. "खाली बघू नकोस. माझ्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला बघ. फक्त तिथेच."

"तिथे काय आहे?"

"ओरखडे आहेत. मोज."

एक पाऊल पडलं. मग दुसरं.

"इतकी भीती वाटते तर ही नोकरी घेतलीस कशाला?"

"जाहिरातीत 'बैठं काम' लिहिलं होतं."

मला इतकं हसू आलं की मीच कठडा धरला.

"आणखी एक सांगायचं राहिलं," मागून आवाज आला. "काल सगळ्यांसमोर अर्धंच सांगितलं. भीती तर होतीच... पण मामा म्हणाले होते, पूल झाला की तू घरी जाणार. दातांचा डॉक्टर आहे म्हणून."

मी थांबले. "म्हणजे माझ्यासाठी तू जगातला सगळ्यात उंच पूल अडवून धरलास?"

"पूल नाही गं... दोन-चार चहा, तेवढेच."

मी वळले नाही. वळले असते तर त्याला माझा चेहरा दिसला असता, आणि मी अजून रागावलेली आहे असं मी ठरवलं होतं.

तो रोज यायला लागला. टोकाला दोन हुक लावून मांडी घालून बसायचा, नजर हातातल्या काट्यावर. आता भोंगा रेघेवरच वाजायचा, एक केसभर अलीकडे नाही. पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. पैलवानाची टोळी आधी मध्यावर पोहोचली. शेवटचा बोल्ट त्यांचा. मी त्या दिवशी जेवले नाही. फुंकर माझ्या शेजारी येऊन बसला आणि तोही जेवला नाही. आम्ही दोघांनी मिळून काहीच खाल्लं नाही.

शेवटच्या तुकड्याचा दिवस उजाडला. दोन टोकांच्या मधोमध तो तुकडा दोरांना लटकत होता. इकडून आमची टोळी, तिकडून पैलवानाची. उचलायचं की थांबायचं, ते दोन्ही बाजूंच्या शिट्ट्यांवर ठरायचं, आणि आमच्या बाजूची शिट्टी माझ्या गळ्यात होती. हवा गपगार. रिबीन ओल्या मोज्यासारखी लोंबत होती.

"थांबवा," फुंकर म्हणाला.

"काटा किती?" पलीकडून पैलवान गरजला.

"काटा हलत नाहीये. पण थांबवा!"

"याचं लग्न ठरेपर्यंत आमचा पूल काही होत नाही!" पैलवान म्हणाला. दोन्ही टोळ्या हसल्या. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

मी त्याच्याजवळ वाकले. "खरं सांग. माझ्यासाठी भितोयस?"

"नाही. खाली बघ."

"तू... खाली बघितलंस?"

"बघितलं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता. "नदीच्या वळणावरची झाडं बघ. पानं उलटी होतायत."

मी बघितलं. खूप खाली, वळणावरची हिरवी झाडं एकामागून एक पांढुरकी होत होती. पहिली रांग, दुसरी रांग. आमच्याच दिशेने. ज्या माणसाला आरशाशिवाय पूल बघवत नव्हता, त्याने दरीच्या तळापर्यंत बघितलं होतं. हे खोटं ठरलं असतं तर पैलवानाने मला आणि मामाला जन्मभर चिडवलं असतं. मी शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली.

"दोर आवळा! सगळे खाली बसा!" मामा ओरडला. त्याने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही, की पोरी, खात्री आहे ना.

दोर आवळले गेले, आणि तो आला. खालून वर आला, दरीने श्वास सोडल्यासारखा. पूल थरथरला. तुकडा दाव्याला बांधलेल्या अडेल बैलासारखा हिसके द्यायला लागला. दोर सैल असते तर तो आमच्या टोकावर येऊन आदळला असता, जिथे मी उभी राहते तिथेच. पैलवान मांजरासारखा पोलादाला चिकटला होता. फुंकरने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझा पट्टा.

वारा गेला. मग पैलवान उठला, अंग झटकलं, आणि दुपारी तुकडा जागेवर बसल्यावर त्याने तो शेवटचा बोल्ट हातोहात आमच्याकडे पाठवला.

"घे पोरी, तुझा आहे," तो ओरडला. "पण एकटीने मारू नकोस. त्यालाही नट धरायला लाव, म्हणजे भोंगा वाजवायला हात मोकळा राहणार नाही!"

"मी नट धरला तर कठडा कोण धरणार?" फुंकर घाबरून म्हणाला.

मी त्याच्या पट्ट्याचा एक हुक काढला आणि माझ्या पट्ट्यात अडकवला. "आता धर."

त्याने दोन्ही हातांनी नट धरला. मी पाना लावला. फिरवला. या वेळी पुरता.

"हा माझा," मी म्हणाले. मग म्हणाले, "आपला. आणि ऐक, मी त्या डॉक्टरला नकार कळवणार आहे. का, ते विचार."

"का?"

"कारण मला तू हवायस, मूर्खा! सगळं तोंडाने सांगावं लागतं तुला."

"एकदा अजून सांग," तो म्हणाला. "पण हुक काढू नकोस."

आईला फोन केला तेव्हा तिने विचारलं, "मुलगा करतो काय?"

"वारा बघतो."

"म्हणजे रिकामटेकडा!"

"नाही गं! वारा मोजतो. पुलावर."

"तोही पुलावर?" आईने फोन मामाकडे द्यायला सांगितला आणि मामाची अर्धा तास हजेरी घेतली.

उद्घाटनाला ती आली. मला घेऊनच जायचं, असं ठरवून आली होती. कड्यापर्यंत आली आणि पाय जमिनीत रोवून उभी राहिली. मामाने समजावलं, मी हात ओढला, मोठ्या बाईंनी पूल किती मजबूत आहे ते सांगितलं. आई जागची हलेना.

मग फुंकर तिच्याजवळ गेला. "मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "अजून वाटते. आपण दोघं जाऊ. खाली नका बघू. तिच्या हेल्मेटवरचे ओरखडे मोजायचे."

आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्याचा हात धरला. मी पुढे, आणि मागे ते दोघं, एकमेकांना घट्ट धरून, दोघंही लटलटत.

"अकरा," आई म्हणाली.

"बारा," तो म्हणाला. "डावीकडे एक बारीक आहे."

"हो की रे!"

मध्यावर मी थांबले आणि त्यांना बोल्ट दाखवला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने तो पुसला, घरातलं भांडं पुसावं तसा. पदर जरासा फडफडला आणि ती दचकली.

"वारा किती आहे रे?" तिने विचारलं.

त्याने हातातलं वारामापक बघितलं. "काही नाही. रेघ अजून खूप लांब आहे."

"असू दे," आई म्हणाली. "तरी परत फिरूया. माझी मुलगी उभी आहे इथे."

"मी तेच म्हणत होतो," फुंकर म्हणाला, "पण माझं कुणी ऐकलं नाही!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि जगातल्या सगळ्यात उंच पुलावरून, भर उद्घाटनात, वाऱ्याचा पत्ता नसताना, त्या दोघांनी माझा एकेक हात धरला आणि मला मागे फिरवलं.